शुगरची गोळी म्हणजे नेमकी कुठली?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण म्हणाल तर बी. ए., तेही मराठी घेऊन. मधुमेहाच्या गोळ्यांवर रेडिओवर बोलणार आहे असं घरी सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, ‘तुम्हाला तुमच्या गोळीचं नाव तरी ठाऊक होतं का?’ तिचं बरोबर आहे. चार वर्षं ठाऊक नव्हतं. त्याची किंमत एका दुपारी मोजावी लागली, म्हणून हे बोलणं.

मी राहतो गिरीजला, वसई तालुक्यात. हिराडोंगरी, म्हणजे आपला वज्रगड, त्याच्या आसऱ्याचं हे गाव. केळी-नारळाच्या वाड्या पूर्वीइतक्या उरल्या नाहीत, इमारती वाढल्या. पण वाडवळ, सामवेदी ख्रिस्ती आणि आमच्यासारखी मुसलमान घरं अजून एकमेकांच्या अंगणातून ये-जा करतात. सण वेगळे, उपास वेगळे, आजार मात्र सगळ्यांचे सारखे. औषधाच्या दुकानात संध्याकाळी उभं राहिलं की हे कळतं. परवा एक शाळकरी पोरगा आला. म्हणाला, ‘आजीची शुगरची गोळी द्या.’ दुकानदारानं विचारलं, ‘कुठली?’ पोरगा म्हणाला, ‘पांढरी.’

माणसं हसली. मला हसू आलं नाही, कारण मीही तसाच होतो.

२०१४ मध्ये मला मधुमेह निघाला. टाइप टू, म्हणजे मोठेपणी होतो तो. डॉक्टरांनी एक गोळी दिली, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर. ती मी इमानानं घेत होतो. रमजान आला की एक गोळी सहरीला, एक इफ्तारनंतर. चार रमजान असे गेले, काही त्रास नाही. मग २०१८ च्या सुरुवातीला रक्त तपासलं. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी नावाची तपासणी असते. ती सातच्या आत हवी, माझी साडेआठच्या घरात गेलेली. डॉक्टरांनी गोळी बदलली. नव्या पाकिटावरचं नाव जवळपास जुनंच होतं. शेवटी एक-दोन अक्षरं जास्त आणि पुढे २ हा आकडा. मी समजलो, जुनीच गोळी, जरा जास्त ताकदीची.

त्या वर्षी रमजान मे-जूनमध्ये आला. दिवस मोठा, पाऊस यायचा बाकी. सहरीपासून इफ्तारपर्यंत साडेचौदा तास. विसावा रोजा होता. सहरीला दोन घास खाऊन मी नेहमीप्रमाणे गोळी घेतली. दुपारी साडेतीनच्या सुमारास शेजारच्या वाडीत बसून आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांशी गप्पा मारत होतो. अचानक घाम फुटला. उन्हाचा घाम वेगळा असतो, हा गार होता. हात थरथरू लागले. मी काहीतरी सांगत होतो आणि मला शब्दच सापडेनात. ज्याचा धंदा शब्दांचा, त्याला ‘विहीर’ हा शब्द आठवेना. समोर विहीर दिसत होती.

शेजारी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. त्यांच्या आईला मधुमेह होता, त्यामुळे त्यांनी हे पाहिलेलं. ते घरात गेले आणि साखरेचं पाणी घेऊन आले. मी मान हलवली. रोजा होता, तीन-साडेतीन तास राहिले होते. ते म्हणाले, ‘भाई, आधी पी. मग काय ते बोल.’ त्यांनी पेला माझ्या ओठाला लावला. त्यांच्या आईच्या मशीनवर बोट टोचून पाहिलं, तर आकडा ४८. सत्तरच्या खाली गेली की साखर कमी समजतात. आणखी थोडा वेळ गेला असता तर मी बोलायला राहिलो असतो की नाही, सांगता येत नाही.

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, ‘रोजे धरता हे मला सांगितलं का नाही?’ मी म्हणालो, ‘तुम्ही विचारलं नाही.’ दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. मग त्यांनी पाकीट उलटं केलं आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेली दोन नावं दाखवली. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. माझ्या जुन्या पाकिटावर एकच नाव होतं, मेटफॉर्मिन. आणि पुढचा तो २ आकडा म्हणजे दोन मिलिग्रॅम ग्लिमेपिराइड. जे औषध मी कधी घेतलंच नव्हतं, ते माझ्या पोटात जात होतं आणि मला पत्ता नव्हता.

मित्रहो, ‘शुगरची गोळी’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या स्वभावाची औषधं राहतात. मला त्या दिवसापासून त्यांची कुळकथा वाचायचा नाद लागला.

ग्लिमेपिराइड ज्या घराण्यातलं, त्याला सल्फोनिलयुरिया म्हणतात. या घराण्याचा शोध लागला तोच मुळी एका अपघातातून. १९४२ सालची गोष्ट, फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातली. महायुद्ध चालू होतं. डॉक्टर मार्सेल जाँबों विषमज्वराच्या रुग्णांना सल्फा जातीचं एक नवं औषध देऊन पाहत होते. काही रुग्ण घामाघूम होऊन बेशुद्ध पडू लागले, काही दगावले. तपासलं तर रक्तातली साखर फार खाली गेलेली. त्यांचे सहकारी लुबातिये यांनी पुढे दाखवून दिलं, की हे औषध स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडतं. त्यातूनच मधुमेहाच्या गोळ्या निघाल्या. म्हणजे माझ्या बाबतीत गिरीजच्या वाडीत जे घडलं, त्याच खुणेवरून हे औषध जगाला सापडलं होतं. ते वाईट नाही. साखर चांगली उतरवतं, स्वस्त आहे, लाखो लोक सुखानं घेतात. पण त्याला तुम्ही जेवलात की नाही हे कळत नाही. पोट रिकामं असलं तरी ते आपलं काम करतंच.

मेटफॉर्मिनचा स्वभाव निराळा. त्याचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या एका रानटी झुडपाशी जातं. त्या झुडपात ग्वानिडीन जातीची द्रव्यं असतात आणि ती साखर उतरवतात. त्याच जातीतलं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये डब्लिनच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार झालं, आणि पुढे पस्तीस वर्षं मधुमेहासाठी कुणी वापरलंच नाही. १९५७ मध्ये पॅरिसच्या डॉक्टर जाँ स्तेर्न यांनी ते मधुमेहींना देऊन निष्कर्ष छापले. आपलं यकृत रात्रंदिवस रक्तात साखर सोडत असतं, मधुमेहात ती जरा जास्तच सोडतं. मेटफॉर्मिन यकृताचा तो हात आवरतं, आणि अंगात आहे ते इन्शुलिन अधिक कामी येईल असं पाहतं. ते स्वादुपिंडाला चाबूक मारत नाही. म्हणून एकटं मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर धोक्याइतकी खाली सहसा जात नाही. माझे पहिले चार रमजान सुखाचे का गेले, याचं उत्तर इथं होतं.

मेटफॉर्मिनचा एक भाऊ होता, फेनफॉर्मिन. त्यानं रक्तात लॅक्टिक आम्ल साचून माणसं दगावू लागली. अमेरिकेनं १९७७ मध्ये त्याला बाहेर काढलं, भारतात २००३ मध्ये बंदी आली. भावाच्या बदनामीचा डाग मेटफॉर्मिनलाही लागला. अमेरिकेत त्याला परवानगी मिळायला १९९४ चा डिसेंबर उजाडला. मग १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या वीस वर्षं चाललेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले. वजन जास्त असलेल्या मधुमेहींत, नुसत्या पथ्यावर भर देणाऱ्यांच्या तुलनेत, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे मृत्यू ३६ टक्क्यांनी कमी होते. हृदयविकाराचे झटकेही कमी. तेव्हापासून हे औषध जगभर पहिल्या पायरीवर आहे.

कुणी म्हणेल, आम्ही तर किडकिडीत, आमचं काय? त्याचं उत्तर पुण्यात मिळतं. केईएम रुग्णालयाचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपला आणि लंडनच्या डॉक्टर युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१ टक्के. भारतीय माणूस दिसायला बारीक आणि आतून चरबीचा असतो, तो असा. म्हणून बारीक माणसालाही हा आजार होतो आणि बारीक माणसालाही ही गोळी लागू पडते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनं देशातले मधुमेही दहा कोटींवर मोजले. म्हणजे या गोळ्या मिठासारख्या घरोघरी आहेत.

आता काळजीचा भाग. तो न सांगता नुसतं कौतुक केलं तर अर्धंच बोलल्यासारखं होईल.

मेटफॉर्मिन पहिले काही दिवस पोटाला त्रास देतं. मळमळ, जुलाब, तोंडाला धातूची चव. म्हणून डॉक्टर थोड्यावर सुरुवात करतात आणि जेवणाबरोबर किंवा जेवल्यावर घ्यायला सांगतात. हळूहळू विरघळणारी गोळीही मिळते, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. ती चावायची नाही, कुटायची नाही. तिचं रिकामं टरफल कधी शौचात दिसतं. औषध अंगी लागलं नाही असं समजून घाबरू नये, औषध आतच राहिलेलं असतं.

दुसरं, हे औषध वर्षानुवर्षं घेतलं की काहींच्या अंगातलं बी-१२ कमी होतं. पायाला मुंग्या येतात, थकवा येतो. माणूस म्हणतो, हे शुगरमुळेच, आणि सोडून देतो. मासे-मटण न खाणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावं. साध्या रक्ततपासणीत ते कळतं आणि उपायही सोपा आहे.

तिसरी गोष्ट मूत्रपिंडाची. ‘मेटफॉर्मिननं किडनी जाते’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. माझ्या एका थोरल्या मामेभावांनीही ऐकलं. त्यांनी गोळी बंद केली आणि कुणी दिलेली पूड सुरू केली. आठ महिन्यांनी पायाच्या अंगठ्याला जखम झाली. ती कळली उशिरा, भरली नाहीच, आणि अंगठा काढावा लागला. तेव्हा तपासलं तर मूत्रपिंडंही दुखावलेली होती, मोकाट सुटलेल्या साखरेनं. खरं असं आहे, की मेटफॉर्मिन मूत्रपिंड बिघडवत नाही. ते लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड आधीच फार अशक्त असेल तर ते अंगात साचतं, आणि मग भावासारखाच आम्लाचा धोका संभवतो. तो विरळा आहे, पण आहे. म्हणून वर्षातून निदान एकदा क्रिएटिनिनची तपासणी करायची. त्यावरून ईजीएफआर नावाचा आकडा काढतात. तो ३० च्या खाली गेला तर हे औषध चालत नाही, ३० ते ४५ मध्ये असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतात.

याच कारणानं काही प्रसंग सांभाळायचे. जोराच्या उलट्या-जुलाब, अंगातलं पाणी कमी होणं, मोठी शस्त्रक्रिया, आणि सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीसाठी शिरेतून डाय टोचणं. अशा वेळी ‘मी मेटफॉर्मिन घेतो’ हे आपणहून सांगायचं. ती काही दिवस थांबवायची का आणि परत कधी सुरू करायची, हे ते ठरवतील. दारूचंही तेच. आमच्या भागात लग्नाकार्यात पेला पुढे येतो, म्हणून मोकळेपणानं बोलतो. मेटफॉर्मिनबरोबर भरपूर दारू आम्लाचा धोका वाढवते, आणि ग्लिमेपिराइडवर रिकाम्या पोटी घेतलेली दारू साखर पाडते.

अफवेचा आणखी एक किस्सा तुम्हाला आठवत असेल. १८ जून २०१३ रोजी सरकारनं पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या गोळीची विक्री थांबवली. मूत्राशयाच्या कर्करोगाची आणि हृदयावरच्या ताणाची शंका होती. देशभरातल्या डॉक्टरांनी बाजू मांडली आणि ३१ जुलैला बंदी उठली, पण पाकिटावर इशारा छापायच्या अटीवर. ही गोळी पहिलं औषध म्हणून वापरू नये, हेही त्यात होतं. मला यातून एवढंच कळलं, की औषध एकतर अमृत किंवा एकतर विष असं नसतं. कुणाला द्यायचं, कुणाला नाही, यावर सगळं असतं. आणि हे ठरवायला आधी आपण घेतो त्या गोळीचं नाव तर हवं.

अलीकडे यात नवी नावं आली आहेत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मंडळी साखर लघवीवाटे बाहेर काढतात. हृदय आणि मूत्रपिंड यांनाही त्यांचा फायदा होतो. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात मार्च २०२५ मध्ये संपलं आणि ते खूप स्वस्त झालं. पण लघवी वाढते, अंग कोरडं पडू शकतं, लघवीच्या जागी बुरशीची खाज येऊ शकते. निर्जळी उपास करणाऱ्यानं हे माहीत करून घ्यायला हवं. आणि हीसुद्धा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत येतात. एका पांढऱ्या गोळीत आता दोन काय, तीन औषधंही असतात.

उपास म्हटला की मला सगळ्यांशीच बोलायचं आहे. रमजान एकट्याचा नाही. शेजारच्या वाडवळ काकी एकादशी धरतात, नवरात्रात नऊ दिवस करतात. ख्रिस्ती बांधव लेंटमध्ये उपास पाळतात. एकादशीची तर दुहेरी गंमत आहे. सकाळी काही नाही आणि मग ताटभर साबुदाण्याची खिचडी. आधी साखर खाली, मग एकदम वर. मधुमेहींच्या रोज्यांविषयी जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन सल्ला तयार केला आहे, तो साऱ्या उपासांना उपयोगी पडेल. रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटा. मेटफॉर्मिनची वेळ सहसा बदलून भागते. ग्लिमेपिराइड बहुधा सहरीवरून इफ्तारवर नेतात आणि गरज पडली तर मात्रा कमी करतात. उपासात साखर तपासत राहा. ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर उपास सोडा. सुईनं बोट टोचल्यानं रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. आणि आजाऱ्याला तर आमच्या धर्मानं सूट दिलेलीच आहे. राहिलेला रोजा नंतर धरता येतो, तेही जमत नसेल तर गरिबाला जेवू घालता येतं. ही सूट घ्यायला मला विसावा रोजा आणि शेजाऱ्याचा पेला लागला.

घरच्यांसाठी दोन वाक्यं. माणूस घामाघूम झाला, थरथरला, बरळू लागला किंवा उगाच चिडू लागला, तर आधी साखर तपासा. मशीन नसेल तर वाट पाहू नका, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा, कमीच असेल तर पुन्हा द्या. बरं वाटलं की काही खायला घाला, कारण ग्लिमेपिराइडचा अंमल तासन्‌तास राहतो आणि साखर परत पडू शकते. म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. १०८ ला फोन करा.

आणि हो, आपल्या मनानं गोळी बंद करू नका, वाढवू नका, शेजाऱ्याची घेऊ नका. उद्या दाढदुखीसाठी किंवा तापासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तरी मधुमेहाच्या गोळ्यांची नावं सांगा. काही अँटिबायोटिक्स ग्लिमेपिराइडचा जोर वाढवतात.

माझ्या खिशात आता एक चिठ्ठी असते. त्यावर औषधांची नावं, मिलिग्रॅम, कधी घ्यायची ते, आणि घरचा फोन नंबर. बायकोच्या अक्षरात आहे, माझं अक्षर दुकानदाराला लागत नाही. रोजे मी अजून धरतो, डॉक्टरांना विचारून. गेल्या रमजानमध्ये दोन सोडले, नंतर हिवाळ्यात भरून काढले.

त्या पोराची गोष्ट अर्धीच राहिली. दुकानदारानं त्याला हुसकावलं नाही, गोळीही दिली नाही. म्हणाला, ‘घरी जा, आजीचं पाकीट घेऊन ये.’ पोरगा धावत गेला आणि चुरगळलेलं रिकामं पाकीट घेऊन आला. मी चष्मा लावला आणि त्याच्याकडून मागची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचून घेतली. तो अडखळत, अक्षर जुळवत वाचत होता. दोन नावं निघाली. मी म्हटलं, ‘आजीला विचार, उद्याची एकादशी धरणार का?’ तो म्हणाला, ‘धरणारच.’ मग मी त्याच्या वहीत डॉक्टरांसाठी एक ओळ लिहून दिली आणि सांगितलं, उद्या सकाळी गोळीच्या आधी हे दाखव.